कलाबाईची एकतीस घरं

कलाबाई शहारेंचं रक्त मी चार महिन्यांत पाच वेळा काढलं. आधी मलेरिया पाहिला, मग टायफॉइड, मग पुन्हा मलेरिया. काहीच सापडत नव्हतं. दवनीवाड्याच्या बाजूला एका लहान सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळेचं काम करतो. सुई टोचायची, काचेवर थेंब पसरायचा, कागदावर 'निगेटिव्ह' लिहायचं आणि पुढच्या माणसाला आत बोलवायचं. ही बाई दर खेपेला आणखी वाळलेली दिसते, एवढं माझ्या ध्यानात येत होतं. त्याच्या पुढे मी काही विचारलं नाही.

त्यांच्या गावात, पळसटोल्यात, मात्र त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. वय सेहेचाळीस. नवरा देवीदास राईस मिलमध्ये पोती उचलतो, मुलगी दीप्ती बारावीला. स्वतःची शेती नाही. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणी करायची आणि घरी आठ बकऱ्या पाळायच्या, असा संसार. सात वर्षांपूर्वी बचत गटातून त्यांना पशुसखीचं प्रशिक्षण मिळालं. तेव्हापासून खांद्याला निळी पिशवी लावून त्या गावभर फिरायच्या. बकरीला जंताचं औषध पाजणं, लस टोचणं, खुरं कापणं ही कामं होतीच. पण त्यांचं खरं नाव झालं ते बाळंतपणात. पिल्लू पोटात आडवं फिरलं, पाय मुडपून अडकला, की लोक गोंदियाहून डॉक्टर येण्याची वाट पाहत नसत. कलाबाईंना बोलवत. त्यांचा हात बारीक आणि हलका. आत घालून पिल्लाचा पाय सरळ करायच्या, बकरीशी बोलत बोलत ओढून काढायच्या, मग पिल्लाच्या नाकात फुंकर मारायच्या. हातमोजे प्रशिक्षणात मिळाले होते, दोन जोड. ते पहिल्याच वर्षी फाटले. त्यानंतर सगळं उघड्या हातांनी.

दिवाळीनंतर त्यांना ताप सुरू झाला. दिवसा बरं असायचं, संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे घामानं लुगडं भिजायचं. कंबर अशी धरायची की चुलीपुढून उठताना भिंतीचा आधार लागे. एका खाजगी डॉक्टरनं टायफॉइडची औषधं दिली, दुसऱ्यानं संधिवाताची. दीप्तीनं कॉलेज सांभाळून स्वयंपाक आणि बकऱ्या दोन्ही अंगावर घेतलं.

फेब्रुवारीत आमच्याकडे नवीन डॉक्टर आल्या, रीना रहांगडाले. तिरोड्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी कलाबाईंचे सगळे जुने कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "बाई, तुम्ही काम काय करता?"

"बकऱ्याईच्या बाळंतपनाले जातो मॅडम."

"यंदा बकऱ्या गाभडल्या का? दिवस भरायच्या आधी पिल्लं पडली का कुठं?"

कलाबाई म्हणाल्या, "लय गाभडल्या. माह्या घरच्याच दोन. मीच काढली मेलेली पिल्लं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी काढलेलं रक्त जिल्ह्याच्या ठिकाणी गेलं आणि चौथ्या दिवशी उत्तर आलं. ब्रुसेलोसिस. जनावरांचा रोग. गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, रक्तातून, न तापवलेल्या दुधातून तो माणसात येतो. औषध आहे, पण सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता.

डॉक्टरांनी घरच्यांनाही तपासायला बोलावलं. देवीदास बरा निघाला. दीप्तीचं रक्त मात्र दूषित निघालं. ती बकऱ्यांची धार काढायची आणि फेसाळतं दूध तसंच प्यायची. ताप अजून आला नव्हता, फक्त गुडघे दुखायचे. पोरीला वाटत होतं, कामानं दुखतात.

मुलीचा कागद हातात घेऊन कलाबाई बाकावर बसल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी मला विचारलं, "प्रफुलभाऊ, मी ज्याच्या ज्याच्या घरी गेली, त्याईचं काय?"

मी म्हटलं, "किती घरं असतील?"

त्या बोटं मोजायला लागल्या. घरमालकाच्या नावानं नाही, बकरीवरून. कानकापी, ती सुकरामच्या घरची. पांढऱ्या पायाची, ती बोडीच्या, गावतळ्याच्या काठच्या घरची, तिनं दोन मेलेली पिल्लं टाकली. काळी मुंडी, तिची वार अडकली होती, चार बायांनी धरून ठेवली होती तिला. त्या चौघींची नावं. मी लिहीत गेलो. एकतीस घरं झाली. चार महिने तापानं फणफणलेल्या बाईला एवढं सगळं आठवत होतं. माझ्याकडे पाचही वेळचे कागद होते, पण तिचं काम काय ते मला माहीत नव्हतं. मान खाली घालून मी लिहीत राहिलो.

देवीदासला हे पटलं नाही. "तू काऊन सांगत फिरतं? लोक म्हनतीन, कलाबाईनंच आनली बिमारी. उद्या कोनी दारात उभं करनार नाही." आणि त्यानं हळूच आणखी एक गोष्ट सुचवली. घरच्या बकऱ्या बाजारात विकून टाकू. रोगी आहेत का नाहीत, कोणाला कळतंय?

"मंग त्या गावची पोरगी पडन तापानं," कलाबाई म्हणाल्या. "तुमाले चालते का?"

देवीदास उठून बाहेर गेला. त्या रात्री तो जेवला नाही असं दीप्तीनं मला नंतर सांगितलं. पण सकाळी त्यानंच सायकल काढली, कारण बायकोला चालवत नव्हतं. ती मागे बसली आणि दोघं घरोघर निघाली.

प्रत्येक दारात कलाबाई एकच सांगायच्या. मला बकऱ्यांपासून रोग झालाय, माझ्या पोरीलाही झालाय. तुमची बकरी मी या हातांनी सोडवली. तुम्ही सगळे रक्त तपासून घ्या. काहींनी ऐकलं. काहींनी पाणी विचारलं, पण ओसरीच्या बाहेरच उभं करून. एका बाईनं कलाबाई बसल्या होत्या ती चटई त्या उठल्यावर काठीनं सरकवली, आणि ते त्यांनी पाहिलं.

सगळ्यात अवघड घर केशोराव पटलेंचं. गावातले मोठे शेतकरी, कोठ्यात चाळीसेक बकऱ्या. त्या हिवाळ्यात त्यांच्या नऊ बकऱ्या गाभडल्या होत्या आणि सातांच्या वेळी कलाबाई होत्या. त्या दिवशी मी सोबत होतो.

केशोराव अंगणातच उभे राहिले. "तूच घेऊन आली बिमारी माझ्या कोठ्यात. एका घरून दुसऱ्या घरी. अब बताने आयी है?"

देवीदासनं बायकोकडे पाहिलं. कलाबाई म्हणाल्या, "आनली असन मी, काकाजी. मले तवा मालूम नवतं. आता मालूम हाये, म्हनून आली. लपवून बसली असती तर बरं झालं असतं का?"

"माझ्या घरी कोणाले ताप नाही. जा."

आम्ही वळलो. कलाबाई मात्र तिथेच थांबल्या. मागच्या सांदवाडीत, भाज्यांच्या वाफ्यांपाशी, केशोरावांची सून टीना कपडे वाळत घालत होती. पाचवा महिना. वाकून बादलीतला कपडा उचलला की ती कमरेवर हात ठेवून थांबायची, डोळे मिटायची, मग तारेपर्यंत जायची. चार कपड्यांना ती तीनदा थांबली.

"त्या पोरीले संध्याकारी कसं वाटते, इचारा एकदा," कलाबाई केशोरावांना म्हणाल्या. केशोराव कोठ्याकडे चालू लागले. पण दारात त्यांच्या पत्नी गीताबाई उभ्या होत्या, आणि त्यांनी ऐकलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समाजमंदिरात शिबिर ठरलं. डॉक्टर, मी, दोन नर्सताई, आणि पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर. सकाळी दहापर्यंत माणसं आली नऊ. बाकी लोक लांब लिंबाखाली उभे राहून बघत होते. कोणाला सुईची भीती, कोणाला बकऱ्या जातील याची.

कलाबाई उठल्या, घरी गेल्या आणि दोरीला बांधून आपल्या आठही बकऱ्या समाजमंदिरापुढे घेऊन आल्या. "डॉक्टरसायेब, आधी माह्या पाहा. इथंच, सगळ्याईसमोर."

ही तपासणी डोळ्यांना दिसते. रक्त बाटलीत बसू दिलं की वर पिवळसर पाणी सुटतं. त्याचा एक थेंब पांढऱ्या पाटीवर, त्यात गुलाबी औषधाचा एक थेंब. हलवत राहायचं. रोग नसेल तर गुलाबी तसंच राहतं. असेल तर फाटलेल्या दुधासारखे दाणे धरतात. लोक हळूहळू लिंबाखालून पुढे आले, माझ्या खांद्यावरून डोकावायला लागले. पहिला थेंब स्वच्छ. दुसरा फाटला. तिसरा फाटला. आठांपैकी पाच फाटले.

पशुवैद्यांनी सांगितलं, बकऱ्यांत यावर औषधोपचार होत नाही. ठेवल्या तर रोग पसरत राहील आणि विकल्या तर दुसऱ्या गावी जाईल. कलाबाईंनी मान हलवली. त्यात एक तांबडी होती, घरात सगळ्यात जुनी, दीप्तीच्या हातावर वाढलेली. तिच्या गळ्यातली घंटा सोडून त्यांनी दीप्तीकडे दिली. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांच्या देखरेखीखाली पाचही बकऱ्या संपवल्या आणि गावाबाहेर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. खड्डा देवीदासनं खणला.

पण मी शिबिराचं सांगत होतो. त्या पाच थेंबांनंतर कोणाला बोलवावं लागलं नाही. सुकराम पहिला बसला, मग त्याची बायको, मग पोरं. दुपारपर्यंत रांग समाजमंदिराच्या पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत गेली. ज्यांच्या बकऱ्यांशी कलाबाईंचा काही संबंध नव्हता, असे शेजारीही आले. कलाबाई ताप अंगात असताना खुर्चीवर बसून मला सांगत होत्या: याचा भाऊ अजून आला नाही, हिची सासू धार काढते तिला बोलवा.

तीनच्या सुमारास गीताबाई आल्या. सोबत टीना. केशोराव नव्हते. गीताबाई सुनेला माझ्यासमोर बसवून म्हणाल्या, "हिचं पाहा. रोज संध्याकाळी अंग तापते हिचं. मले आत्ता सांगितलं हिनं."

टीनाचा थेंब फाटला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला गोंदियाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पोटुशी बाईला या रोगात पोर पडण्याचा धोका असतो आणि नेहमीच्या गोळ्या तिला चालत नाहीत. तिची औषधं वेगळी ठरली. केशोराव स्वतः गाडी घेऊन गेले.

दोन दिवसांत एकशे बारा माणसं तपासली. चौदा जणांत रोग सापडला. त्यातले आठ जण हिंडत-फिरत होते, त्यांना पत्ताही नव्हता. चौदाही जणांना औषधं सुरू झाली, आणि ती चुकू नयेत म्हणून आशाताईंच्या बरोबरीनं कलाबाई रोज सकाळी फिरू लागल्या. स्वतःची गोळी त्या दुसऱ्याच्या दारात, त्याच्यासमोर घ्यायच्या. "तू घे, मी घेतो," एवढंच म्हणायच्या. एप्रिलच्या शेवटी एक-दोघं सोडून सगळ्यांचे ताप गेले, दीप्तीचे गुडघेही दुखायचे थांबले.

एप्रिलमध्येच केशोरावांनी कोठा तपासायला लावला. चाळीसपैकी सोळा बकऱ्या गेल्या. कलाबाईंना त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. तसा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी लांब हातमोज्यांचा खोका आणून देवीदासच्या हातात दिला. "तिले दे. संपले की सांग," म्हणाले आणि गाडी वळवली.

जुलैत टीनाला मुलगी झाली. अडीच किलोच्या वर, ठणठणीत. बाळाचं रक्त मीच तपासायला नेलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ मी पाटी हलवत राहिलो. थेंब शेवटपर्यंत गुलाबी राहिला.

कलाबाईंचं सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. कंबर अजून दुखते, पाऊसपाण्यात जास्त. गावातली दोन घरं त्यांना आजही बोलवत नाहीत. घरी तीनच बकऱ्या उरल्यात. पण मागच्या महिन्यात शेजारच्या गावाहून बायका त्यांना न्यायला आल्या होत्या, तिथे बकऱ्या गाभडायला लागल्या होत्या. रोवणीचे दिवस. कलाबाई बांधीतून चिखलाच्या पायांनीच बाहेर आल्या, पाय धुतले आणि आधी त्या बायकांना बांधावर बसवून विचारायला लागल्या: दूध तापवून पिता का, वार कुठं फेकता, घरात कोणाला ताप आहे का. एकीनं लाजत हात वर केला. तिला त्यांनी सोबत घेतलं आणि दोघी बसथांब्याकडे, आमच्या दवाखान्याच्या वाटेनं निघाल्या.