कडेचा कटर

आण्णांना फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की ते मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून तिचे फेरे मोजायला लागत. सिमेंटचा मिक्सर, जत्रेतला लाकडी घोड्यांचा पाळणा, केकच्या दुकानातली काचेची फिरती मांडणी, काहीही चालत असे. पूर्ण एक मिनिट ते जागचे हलत नसत. मग "साडेचार. बरोबर आहे," किंवा "अकरा. घाई करतायत लेकाचे," असा निकाल देऊन चालू लागत. केकच्या दुकानातल्या बाईंना बरीच वर्षं वाटत होतं की या गृहस्थांना केक फार आवडतो, पण मागायला लाजतात. एकदा त्यांनी आपणहून एक तुकडा कापून दिला. आण्णांनी तो उभ्याउभ्या खाल्ला आणि मांडणी जरा जोरात फिरते, असं बाईंना सांगितलं.

पासष्ट साली मी पुण्याहून इंजिनिअर होऊन जर्मनीत आलो. ड्युसेलडॉर्फपासून तासाभरावरच्या एका गावात डोंगर पोखरून बोगदे पाडणारी यंत्रं बनत, तिथे यंत्रांचं गणित करणाऱ्यांच्या खोलीत मला नोकरी मिळाली. यंत्र सांगायला सोपं आहे. खोलीएवढी एक लोखंडी तबकडी, तिच्यावर पोलादी चाकं बसवलेली. त्या चाकांना कटर म्हणायचं. तबकडी खडकाला दाबून फिरवली की कटर खडकावरून लोळतात आणि कपचे उडतात. दाबायचं किती आणि फिरवायचं किती, एवढाच प्रश्न असतो, आणि त्यावर माणसं म्हातारी होतात. आण्णा त्या कारखान्यात चाचणी विभागाचे मायस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, होते. चोपन्न साली सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला म्हणून कऱ्हाडहून आले ते परत गेलेच नाहीत. हिल्डेकाकूंशी लग्न केलं, मुलगी झाली. ते मुलीशी मराठीत बोलत, ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि दोघांचं उत्तम चाले. काकू त्यांना "अहो" म्हणत. अर्थ माहीत असूनही म्हणत, याचं आम्हा पोरांना फार कौतुक होतं. कारखान्यातले निम्मे लोक मात्र ते नावच समजून त्यांना हेर अहो, म्हणजे श्रीयुत अहो, म्हणत आणि आण्णा ओ देत.

त्यांच्या वडिलांची कऱ्हाडकडे पिठाची गिरणी होती. "फिरवायला अक्कल लागत नाही, किती फिरवायचं त्याला लागते," हे वाक्य त्या गिरणीतलं. जातं जोरात फिरलं की पीठ गरम येतं आणि भाकरी चिरते, हे त्यांना इंजिनिअरिंगच्या आधीपासून ठाऊक होतं. रविवारी आम्ही चार-पाच मराठी पोरं त्यांच्याकडे जेवायला असायचो. हरभऱ्याचं पीठ मिळत नसे, म्हणून पिवळे वाटाणे कॉफीच्या हातदांड्याच्या गिरणीत दळून पिठलं व्हायचं. दळायचं आम्ही आणि फेरे मोजायचे आण्णांनी. भुकेपायी कुणी दांडा जोरात फिरवला तर ते गिरणीवर तळवा ठेवून म्हणत, "तापली. थांब जरा." अशा गतीने पिठलं साधारण तीन वाजता पानात पडायचं. त्या वेळी कुणाला चव कळत होती, देव जाणे.

वाढताना ते पंगतीच्या टोकाला बसलेल्यापासून सुरुवात करत. "कडेच्याला आधी विचारावं. मधल्यांचं भागतंच," हे त्यांचं म्हणणं. यंत्राबद्दलही त्यांचं मत हेच होतं. तबकडी एक फेरा घेते तेव्हा मधला कटर जागच्या जागी गिरकी मारतो, पण कडेच्या बिचाऱ्याला सगळं वर्तुळ पळावं लागतं. तबकडी जितकी मोठी, तितकी त्याची धाव लांब. म्हणून मोठी तबकडी सावकाश फिरवायची. हे मलाही माहीत होतं. माहीत होतं ते पटायला मात्र एका मोठ्या तबकडीची गती माझ्या हातात यावी लागली.

आण्णांना एकच हाव होती. बारा वर्षं त्यांनी यंत्रं तपासली ती कारखान्यामागच्या खाणीच्या भिंतीवर. पंधरा-वीस मीटर आत जायचं आणि मागे यायचं. "एकदा तरी या अंगाने शिरून त्या अंगाने बाहेर पडायचंय रे," ते म्हणत. नवीन यंत्र तयार होत होतं, आतापर्यंतचं सगळ्यात मोठं. ते स्वित्झर्लंडमध्ये विकलं गेलं तर चालवायला आण्णा जाणार, हे ठरलेलं होतं. काकूंनी लोकरीचे जाड मोजेही विणायला घेतले होते.

त्या यंत्राला दोनच गती होत्या. गिअर बदलला की मिनिटाला पाच फेरे किंवा सात. कुठली घ्यायची ते लिहून सही करायचं काम माझ्याकडे आलं. चाचणीनंतरच्या आठवड्यात माझा प्रोबेत्साइट, म्हणजे कच्च्या नोकरीचा काळ, संपत होता. पक्का झालो तर राहायचा परवाना, नाहीतर पुण्याला परत, आणि तिथे माझ्या पक्क्या नोकरीच्या बातमीवर वडिलांनी आधीच पेढे वाटून टाकले होते. मी सगळ्या कटरांच्या धावेची सरासरी काढली. सरासरी सुंदर आली. सात फेऱ्यांना भोक झपाट्याने पुढे सरकणार, चाचणी बघायला येणारे स्विस पाहुणे खूश, डायरेक्टर खूश. मी सात लिहिले.

सकाळी खाणीत स्वच्छ ऊन होतं. पाहुणे अजून यायचे होते, यंत्र बंद होतं, दोन जर्मन फिटर बाजूला पाव खात होते. आण्णांनी माझा कागद वाचला, घडी घातली, आणि चहाचा कप माझ्या हातात देत मराठीत म्हणाले, "साहेब, सात नको. पाचवर ठेव. कडेचे दोन जळतील. आत्ता कागद बदल, मी काही बघितलं नाही."

"आण्णा, मी सरासरी काढलीय."

"सरासरी बेअरिंगमध्ये बसते होय रे?"

मी हसलो. कागद बदलला नाही. खरं तर मला राग आला होता. हातदांड्याची गिरणी मोजणारा माणूस माझं गणित तपासतो म्हणजे काय!

नियम असा होता की चालवणाऱ्याची हरकत असेल तर त्याने ती चाचणीच्या वहीत आधी लिहायची. लिहिली की यंत्र सुरू होत नसे. आण्णांनी लिहिली नाही. कच्च्या नोकरीतल्या पोराची चूक चार जर्मनांच्या वहीत कशी घालायची, हा त्यांच्या मनातला हिशेब. त्यांनी सातचा गिअर टाकला आणि हँडल ओढलं.

चाळीस मिनिटं सगळं छान चाललं. पाहुण्यांनी टाळ्याही वाजवल्या. मग जळक्या ग्रीसचा वास आला. कडेच्या दोन कटरांची बेअरिंगं आवळली होती. लोळायचं सोडून ते खडकावर घासत गेले आणि एका बाजूने पावासारखे कापले गेले. त्यांचं ओझं शेजाऱ्यांवर पडलं, तेही गेले. आण्णांनी यंत्र बंद केलं, टोपी काढून घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. पाहुण्यांना जेवायला नेण्यात आलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "आण्णा, प्रोटोकोलमध्ये लिहा ना, मध्ये कठीण खडकाचा पट्टा लागला म्हणून." त्यांनी अहवालाचा कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "दगडाला तोंड नाही म्हणून त्याच्या नावावर खपवू नये." त्यांनी लिहिलं ते असं: गती सात, ठरवणारा अमुक, चालवणारा मी. चालवणाऱ्याने हरकत घेतली होती. तोंडी, मराठीत, चहा पिताना. वहीत नोंद नाही, ही चालवणाऱ्याची चूक.

तिसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी दोघांना बोलावलं. प्रोटोकोल त्यांनी दोनदा वाचला. "आल्झो," म्हणजे तर मग, असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "हरकत तुमच्या भाषेत घेतली गेली. तुम्हाला ती समजली होती का?"

प्रश्न सरळ होता. हो म्हटलं तर इशारा कळूनही यंत्र जाळणारा मी, आणि आठवड्याने पुणे. मला वडील दिसले, पेढे दिसले. शेजारी बसलेले आण्णा दिसले नाहीत, कारण मी तिकडे पाहिलंच नाही.

"नाही," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "हे कऱ्हाडचे. त्यांची बोली आम्हा पुण्याच्या लोकांना नीट समजत नाही."

डायरेक्टरांना हे लगेच पटलं. त्यांचा मेहुणा बव्हेरियाचा होता आणि त्याची जर्मन त्यांना कळत नसे. "गेनाऊ," अगदी बरोबर, ते म्हणाले. मग आण्णांना विचारलं, काही सांगायचंय का. आण्णा म्हणाले, "नाही."

मी पक्का झालो. नियम मोडला म्हणून आण्णांचं मायस्टरपद गेलं आणि त्यांची बदली लागरमध्ये, म्हणजे सामानाच्या कोठारात झाली. कटर मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. तिथे फिरणारं काहीच नव्हतं. पुढच्या रविवारी मी जेवायला गेलो नाही, तर काकूंचा निरोप आला, पिठलं थंड होतंय. गेलो. आण्णांनी त्या दिवशीही कडेच्यापासून वाढलं आणि मी मुद्दाम मधे बसलो होतो. वाटायचं यांनी एकदा कानफटात मारावी, म्हणजे सुटेन. ते भात घे, भात घे म्हणत राहिले.

यंत्र पाच फेऱ्यांवर पुन्हा दाखवलं आणि विकलं गेलं. स्वित्झर्लंडला कुणाला तरी जायचंच होतं. मला पाठवलं.

निघायच्या दिवशी बोगद्यातले बूट घ्यायला मी लागरमध्ये गेलो. आण्णांनी माझ्या मापाचा जोड काढला आणि आत जाड लोकरीचे मोजे घातले. मोजे कुठले ते मला कळलं. मला राहवेना.

"आण्णा, मला त्या दिवशी समजलं होतं."

"काय?"

"सात नको म्हणालात ते. शब्दन् शब्द."

ते बुटांच्या नाड्या ओवत होते. शेवटचं भोक ओवून त्यांनी बूट फळीवर ठेवले.

"अरे, समजणारच की. तुला एकट्यालाच समजावं म्हणून तर मराठीत बोललो होतो." मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, कारण नवे बूट नेताना सही लागत असे.