पाठीला लागलेली माती

आमच्या बदलापुरात पहिलवानाची किंमत त्याच्या पाठीवरून ठरायची. छाती कितीही फुगवा, पाठीला माती लागली की मामला संपला. धर्मराजाच्या पाठीला ती कधीच लागली नव्हती. कोंडाजी वस्तादांच्या तालमीत तो वाढला, जत्रांमधून फेटे जिंकून आला, आणि आम्हा रिकामटेकड्यांनी त्याचं नाव डोक्यावर घेतलं. घरात खायची मारामार होती, पण ते बघायला कुणाला सवड होती?

शेवटी १९५३च्या सुमारास तो अंबरनाथच्या एका कारखान्यात पहारेकरी लागला. नोकरी तात्पुरती. तिथले अधिकारी दिनानाथ यांच्या डोक्यात आलं की पहारेकऱ्यांना ज्यूदो यायला हवा. शिकवायला दौलतराव नावाचे फौजेतले निवृत्त हवालदार आणले. जो शिकेल तो कायम होईल, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरावा, असा हुकूम निघाला.

पहिला धडा पडण्याचा. हनुवटी छातीशी घ्यायची, मागे बसत गोल पाठीवर लवंडायचं आणि पाठ टेकताना दोन्ही हात जमिनीवर आपटायचे, म्हणजे मार हातांवर जातो, डोकं आणि मणका वाचतो. बाकीचे पटापट शिकले. धर्मराज मात्र पाठ टेकायच्या आत मांजरासारखा पालथा व्हायचा. पोरवयापासून अंगात मुरलेलं ते हवालदाराच्या शिट्टीने कसं जाणार? दौलतराव ओरडायचे, "अरे पड ना! पडायचाच पगार मिळतोय तुला!"

त्याला पडायला शिकवलं ते चेलारामने. उल्हासनगरच्या छावणीत राहणारा हा सिंधी तरुण, सिंध सोडून आईला घेऊन आलेला, अंगाने काडी. तो धर्मराजाचा जोडीदार. ड्यूटी संपली की उकरलेल्या मातीत त्याला धरून हळूहळू मागे झुकवायचा. "डरो मत, भाऊ. मैं हूँ ना." एका संध्याकाळी धर्मराजाची पाठ खरंच टेकली. त्या दिवशी त्याच्या बायकोने, चंद्रीने, सदऱ्याची पाठ पाहिली. सदरा धुतला आणि बाहेरच्या दोरीवर न घालता आत चुलीपाशी वाळवला. ही सगळी हकिकत पुढे मला तिनेच सांगितली.

सव्वीस जानेवारीला कारखान्याच्या मैदानावर प्रात्यक्षिक ठरलं. लहान चणीचा माणूस धिप्पाड गड्याला कमरेवर घेऊन कसा पाडतो, ते चेलाराम दाखवणार होता. धर्मराजाने फक्त पडायचं होतं. त्याने गावात कुणापाशी चकार शब्द काढला नाही, तरी बातमी फुटली, आणि आम्ही हलगी घेऊन हजर! कुस्तीच आहे असं समजून चाललो होतो. पहिल्या रांगेत कोंडाजी वस्ताद.

चेलारामने बाही धरली, वळला, कंबर खाली घातली. धर्मराज ठरल्याप्रमाणे टाचा उचलून पुढे झुकलाही होता. तेवढ्यात त्याला वस्ताद दिसले, घाबरून अर्धवट उठलेले. त्याने अंग जड केलं, चेलारामच्या कमरेला विळखा घातला, त्याला उचललं आणि उताणा आपटून वर स्वतः पडला. चेलाराम पाडायच्या तयारीत होता, पडायच्या नव्हता. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

हलगी कडाडली. आम्ही शिट्ट्या मारल्या. दिनानाथांनाही काही कळलं नसावं, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी डोक्यावरचा फेटा काढून धर्मराजाला बांधला. दौलतराव तेवढे चेलारामपाशी गुडघे टेकून बसले होते.

धर्मराज कायम झाला. चेलारामचा हात खांद्याच्या वर जाईना, त्याची नोकरी गेली. धर्मराज छावणीतल्या बराकीत माफी मागायला गेला. चेलारामच्या आईने रिवाजाप्रमाणे पाहुण्यापुढे पापड आणि पाणी ठेवलं. चेलारामच म्हणाला, "गलती मेरी थी, भाऊ. मेरा सारा ध्यान तुम्हारी बाँह में था." ज्यूदोत पाडणारा पडणाऱ्याची बाही सोडत नाही. ती शेवटपर्यंत वर ओढून धरतो, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. चेलाराम त्याला जपत होता, आणि जपता जपताच मोडला होता.

धर्मराजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक तालमीत गेला आणि वस्तादांपुढे सगळं ओकला. कुस्ती नव्हती, मी पडायचं ठरलं होतं, विश्वासाने मला धरणाऱ्या माणसाला मी मोडलं. वस्तादांनी उठून तालमीचं दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "माझ्याजवल बोललास तेवढा पुरे. बाहेर कोनाला सांगू नको. तालमीचा नाव जाईल."

गुरूची आज्ञा त्याने मोडली नाही; घरात चंद्रीला सांगितलं तेवढंच. त्यानंतर दर जत्रेला आम्ही ती कुस्ती रंगवून सांगायचो आणि तो मान खाली घालून ऐकायचा. आम्ही एकमेकांना म्हणायचो, एवढा मोठा पहिलवान, पण बघा, जरासुद्धा गर्व नाही.