गच्चीवरचा बोंबीलचोर

बोईसरला राहायला आल्यापासून मी जेवढी जनावरं पाहिली तेवढी माहेरी डोंगराला चिकटून राहूनही पाहिली नव्हती. मेडिकलच्या मागच्या गटारातून घोरपड वर येते आणि सगळ्या रिक्षा थांबवून आरामात पलीकडे जाते. पार्किंगमधल्या स्कूटरांखाली मुंगसांनी बिऱ्हाड केलंय. वानरं टाकीवर चढून डिशची छत्री हलवतात, ती नेमकी मालिकेच्या वेळेला. पाम गावाच्या बाजूला संध्याकाळी कोल्हे ओरडतात असं माझा नवरा शपथेवर सांगतो. शिवाय मोबाईलवरचा बिबट्या आहेच. दर हिवाळ्यात तो आमच्याच गल्लीत आलेला असतो आणि दर फोटोत त्याच्या मागची भिंत वेगळी असते. मी फोटो मोठा करकरून बघते. माझा नाही बाई विश्वास असल्या गोष्टींवर.

स्वभावच आहे माझा, काय करणार! सेक्रेटरी हसून 'कशा आहात वहिनी' म्हणाले की मी आधी नोटीस बोर्ड वाचून येते. त्यामुळे गच्चीवरचे बोंबील नाहीसे व्हायला लागले तेव्हा पहिली पाल माझ्या मनात चुकचुकायला हवी होती. पण ती चुकचुकली सासूबाईंच्या मनात, आणि मग तिथून काही केल्या हलेना.

सासूबाई दांडीच्या, समुद्रकाठच्या कोळीवाड्यातल्या. सगळा जन्म मासळीत गेलेला. सासरे गेले, होडी विकून टाकली, तेव्हा आम्ही त्यांना फ्लॅटवर आणलं. सुरुवातीला त्या सोफ्याच्या कडेवर अशा बसायच्या, जसं दवाखान्यात नंबर लागायचाय. नवरा कंपनीत, मी ऑफिसात, दिवसभर घरात त्या आणि टीव्ही. संध्याकाळी विचारलं, आई, जेवलात का, तर म्हणायच्या, "जेवले गो," आणि भात तसाच असायचा.

मग एक दिवस जिन्यात त्यांना वरच्या मजल्यावरच्या मावशी भेटल्या. मावशी माहीमच्या, त्याही कोळीणच, मुलाच्या नोकरीपायी इथे आलेल्या. दोघींनी एकमेकींचं बोलणं ऐकलं मात्र, तिथेच पायरीवर बसल्या की! मी भाजीच्या पिशव्या घेऊन खाली उभी. मला वाट द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या दिवशी, इथे आल्यापासून पहिल्यांदा, सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. मोठं, किनाऱ्यावरून होडीला हाक मारावी तसलं हसणं. शेजारचे दार उघडून बघायला आले.

त्यानंतर गच्ची त्या दोघींची झाली. पावसाळा सरला की बोईसरच्या बाजारातून ओले बोंबील आणायचे, साफ करायचे आणि सकाळी वर वाळत घालायचे. सेक्रेटरींनी नाक मुरडून परवानगी दिली होती, टाकीजवळच्या कोपऱ्यापुरती. वासाची एक जरी तक्रार आली तरी बंद, अशी अट. दोघींनी एक लांब बांबू आडवा बांधला. त्याचं एक टोक टाकीच्या लोखंडी शिडीला, दुसरं कठड्याच्या खांबाला. घारी-कावळ्यांसाठी वर जुनं जाळं ताणलं. आणि खाली छत्री लावून जवळा निवडत माहीमच्या आणि दांडीच्या सगळ्या लग्नांचा आणि भांडणांचा समाचार घेत बसायच्या. मी निर्धास्त ऑफिसला जायला लागले. म्हातारीचं चित्त रमलंय, आणखी काय हवं?

बोंबील वाळत घालायची एक पद्धत आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टाकायची, एक अलीकडे लोंबेल, एक पलीकडे. मला ते आजवर जमलेलं नाही. मी अडकवलेली जोडी दुपारपर्यंत खाली पडलेली असते आणि सासूबाई म्हणतात, "डोंगरातली हाय ती, तिला काय कलतंय!"

तर एका सकाळी त्या वरून खाली आल्या. चहा दिला, घेतला नाही. मग म्हणाल्या, "बोंबील गेलेत."

"मांजर असेल, आई."

"मांजर नाय."

"वानरं असतील मग."

"वानर मासली नाय खात." आणि त्यांनी मला हाताला धरून गच्चीवर नेलं. बांबूवर मधेच मोकळी जागा होती. सासूबाईंनी तिथे बोट ठेवलं आणि मला समजावून सांगितलं, पोलीस पंचनामा करतात तसं. मांजर उडी मारतं आणि खालून ओढतं. खालून ओढलं की धड तुटून येतं, मुंडकी जबड्यात जबडा अडकलेली बांबूवरच राहतात. दांडीला जन्मभर हेच बघितलं. इथे मुंडकी नाहीत. जोडीच्या जोडी अलगद वर उचलून नेलीय. "हे काम हाताचं हाय," त्या म्हणाल्या. "आणि ज्या हाताला बोंबील म्हायती हाय, त्या हाताचं."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. सगळ्या बिल्डिंगीत असा दुसरा हात एकच होता.

"काहीतरीच काय, आई! मावशी? त्या कशाला नेतील?"

"ते मला काय ठाव?"

मी म्हटलं, सेक्रेटरीच टाकून देत असणार. वास नको म्हणून गुपचूप कचऱ्यात. माझा पहिल्यापासून त्यांच्यावरच संशय होता. मी वॉचमनलाही गाठलं. तो म्हणाला, "भाभी, साहब तो मछली को देखके ही मुँह फेर लेते हैं, हाथ क्या लगाएँगे?" हेही खरंच होतं. सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की घे, तूच विचारून आलीस ना.

नंतर आणखी जोड्या गेल्या. रोज नाही, पण जायच्या. आणि एकदा संशय घरात शिरला की त्याला खायला मिळतंच. मावशींचं घर गच्चीला लागून, किल्ली त्यांच्याकडे. एका दुपारी त्यांच्या घरातून बोंबलाच्या कालवणाचा वास आला. मावशी म्हणाल्या, मुलानं बाजारातून आणले. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "बाजारच्या बोंबलाला असा वास नाय येत." मी म्हटलं, अहो, आपलेही बोंबील बाजारातलेच की! तर म्हणाल्या, "वालवले मी हायत."

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, चार शिव्या देऊन दोघी मोकळ्या झाल्या असत्या. सासूबाईंनी काय केलं, तर मावशींचा डबा परत पाठवला. त्यातून मावशींनी कोलंबीची चटणी दिली होती. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. सासूबाईंनी तो डबा घासला, पुसला आणि रिकामा माझ्या हातात दिला. मी साखर घालायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे."

मावशींनी दारात झाकण उघडून पाहिलं. मग झाकण तसंच परत लावलं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मला इतकी लाज वाटली, की मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळत खाली आले.

त्या दिवसापासून गच्चीवर छत्री एकीसाठीच लागायला लागली. सासूबाई एकट्या बसायच्या, बांबूकडे बघत, राखण केल्यासारख्या. त्या असताना काही जायचं नाही. त्या खाली आल्या की जायचं. त्यामुळे त्यांची खात्रीच पटत गेली. मावशी गच्चीवर येईनाशा झाल्या, जिन्यात दिसल्या तर भिंतीकडे सरकून जायच्या. तेही सासूबाईंना पुराव्यासारखंच वाटलं. घरात पुन्हा टीव्ही सुरू झाला, भात पुन्हा ताटात राहायला लागला. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मला दांडीला नेऊन सोड. तिथं चोर तरी वलखीचे हायत." तिथे घराला कुलूप, आत कोण आहे? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग सगळ्या बोंबलांना मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले.

मग टाकी धुवायची वेळ आली. रविवार होता, भर दुपार; सासूबाई, मी, सेक्रेटरी, बरेच जण वरच होतो. प्लंबर टाकीच्या मागे गेला, तिथे पत्र्याचे तुकडे आणि जुनी ताडपत्री पडलेली होती, ती त्यानं ओढली आणि असा ओरडला की आम्ही सगळे जिन्याकडे पळालो. मला वाटलं, बिबट्या. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू!

ताडपत्रीखालून एक राखाडी-काळं जनावर निघालं. मांजराहून लांबट, टोकदार तोंड, डोळ्यांभोवती काळं, आणि शेपटी अंगाएवढी. उदमांजर. शेजारची ताडांची आणि चिकूंची वाडी तोडून तिथे नवी बिल्डिंग उभी राहतेय, तिथलंच असणार. ते शिडीवर चढलं, शिडीवरून आमच्या बांबूवर आलं आणि जाळ्याच्या खालून, लोंबत्या बोंबलांच्या वरून, रस्त्यावरून चालावं तसं चालत गेलं. इतक्या घाईतही मधे थांबलं. पुढचे पाय बांबूवर रोवले, मान खाली घातली आणि एक जोडी वरच्या वर उचलली. अलगद. मग कठड्यावरून पाइपनं खाली.

ताडपत्रीखाली दोन पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. भोवती चिकूच्या बिया आणि बोंबलाची मुंडकी. प्लंबर काठी शोधायला लागला तशी मी त्याच्यावर ओरडले. सेक्रेटरींनी जंगल खात्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, पिल्लांना हात लावू नका, आई येईल आणि स्वतःच दुसरीकडे हलवेल. सेक्रेटरींनी निमूटपणे ताडपत्री परत पांघरली, हे मला कबूल करायला हवं.

सगळे बडबडत होते, फोटो काढत होते. सासूबाई तेवढ्या एका जागी उभ्या होत्या.

"वरनं काडतंय गो," त्या म्हणाल्या. "ते वरनं काडतंय." मग माझ्याकडे वळून, मीच काही केल्यासारखं, "आमच्याकडं ते ताडावर असतंय. ताडी पितंय, फलं खातंय. मासलीला त्यानं कदी तोंड नाय लावलं!"

"आता ताड नाहीत ना, आई," मी म्हटलं.

त्यांनी बांबूवरचे सगळ्यात चांगले बोंबील उतरवले, कडक वाळलेले, पिशवीत भरले आणि गच्चीवरून थेट मावशींच्या दाराशी गेल्या. मी मागोमाग. मला मनातून हसू येत होतं. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडतील, थोडं रडतील, आणि उद्यापासून मी पुन्हा निर्धास्त.

मावशींनी दार उघडलं. पदराला ओले हात पुसत उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"बाय, जनावर होतं," सासूबाई म्हणाल्या. "उदमांजर. मी माज्या डोल्यांनी बगितलं."

"ऐकलं मी."

"माजं चुकलं."

मावशींनी पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ते गावलं म्हणून तू आलीस. कुणाच्या नजरेला नसतं पडलं, पिल्लं घेऊन असंच निघून गेलं असतं, तर? तर मी मरेपर्यंत तुज्या लेखी चोरच होते ना?"

मी घाईघाईनं म्हणाले, "नाही हो मावशी, असं कसं..." सासूबाईंनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांना 'नाय' म्हणता आलं असतं. एका शब्दानं सगळं निभावलं असतं, मी तर तेच म्हणाले असते.

"होय," त्या म्हणाल्या. "चोरच समजले असते."

मावशींनी मान हलवली, हिशोब बरोबर आहे असं सांगितल्यासारखी.

"मग ते बोंबील नेऊन त्या जनावरालाच घाल," त्या म्हणाल्या. "त्यानं तुज्याशी मैतरकी केली नव्हती." आणि त्यांनी दार लावून घेतलं.