परत सांग
सुक्या जवळ्याचा वास आला की डिलाईल रोडची चाळ आठवते. नवरा अपघातात गेला, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना. शेजारची मावशी रोज दुपारी जवळा निवडत बसे आणि म्हणे, "काल सांगितलंस ता इसारलंय गो, परत सांग." मी रडत त्या सकाळचं सगळं पुन्हा सांगे. वाटे, काय विसरभोळी म्हातारी! चाळीत कोणाची वाटी कोणाकडे अडकलीय हे तिला वर्षानुवर्षं पाठ होतं, पण मला शहाणीला ते दिसलंच नाही. एकदा, तो माझीच चप्पल घालून निघाला होता हे सांगताना मी चक्क हसले. मावशीने सूप बाजूला ठेवलं. "हां, आता जेव." आता घरात सगळे म्हणतात, "आजी, सांगितलंयस हे!" जवळा निवडताना वाटतं, एकदा तरी कोणी विसरावं.