हसू थांबायला लागणारं अंतर

शुक्रवारी लायब्ररी बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी बापटकाकांच्या टेबलावरची बाराच्या बारा पुस्तकं मी स्वतःच्या कार्डावर चेक-आउट केली आणि गाडीत नेऊन टाकली. वाचायला नव्हे, शनिवारी ती मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून.

अमेरिकेत नोव्हायजवळच्या एका लायब्ररीत मी चिल्ड्रन्स लायब्रेरियन आहे. त्यासाठी रीतसर मास्टर्स केलं आहे. दारासमोरचं समर टेबल, म्हणजे सुट्टीत मुलांनी काय वाचावं ते मांडायची जागा, अकरा वर्षं माझं होतं. यंदा विषय ठरला विनोदी पुस्तकं, आणि आमच्या लायब्ररीच्या प्रमुख ग्रेस मॅडमनी दोन टेबलं लावली. एक माझं, एक काकांचं. दोन आठवड्यांत ज्याचं सर्क्युलेशन जास्त, म्हणजे ज्याची पुस्तकं जास्त वेळा घरी जातील, त्याला समर टेबल.

काका रिटायर्ड इंजिनीयर. उभा जन्म गाड्यांचे ब्रेक टेस्ट करण्यात गेला. आता नातवंडांना सोडायला येतात आणि व्हॉलंटियर म्हणून थांबतात. प्रत्येक पुस्तकाला त्यांनी इंग्रजीत एक कार्ड लावलं होतं. ‘हसू थांबायला लागणारं अंतर : तीन पानं.’ एकावर ‘ओला रस्ता. दूध पिताना वाचू नये.’ पोरं कार्डं वाचायलाच गर्दी करायची. माझ्या टेबलावर नीट टाइप केलेली यादी होती, वयोगटासकट. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. माझा नुसता जळफळाट होत होता.

घरी पिशवी सोफ्यावर टाकली आणि कुकर लावायला गेले. थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीतून खिंकाळल्यासारखा आवाज आला. माझी बारा वर्षांची ईशा शाळेच्या कॅन्टीनवर देखरेख करणाऱ्या बोकडाचं पुस्तक घेऊन लोळत होती. मी आणलेल्या पुस्तकाला या मुलीनं दोन वर्षांत हात लावला नव्हता.

“आई, व्हाय डोन्ट यू एव्हर ब्रिंग स्टफ लाइक धिस?”

हे फार लागलं.

सोमवारी मी पुस्तकं गुपचूप परत केली. ग्रेस मॅडम खुशीत होत्या.

“शनिवारी दार उघडलं तर काकांचं टेबल रिकामं! एकाच संध्याकाळी बारा! दोन आठवडे संपले, समर टेबल त्यांचं. आणि सगळ्यांच्या एक्स्ट्रा कॉपीज ऑर्डर कर.”

“कुणी नेली?” मी उगाच विचारलं.

“ते आपण बघत नाही. प्रायव्हसी.”

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ऑर्डर माझ्याच सहीनं गेली.

दुपारी काका पुस्तकं पुन्हा मांडत होते. बोकडाच्या कार्डावर ‘तीन पानं’ पाहून मला राहवेना.

“काका, हे चुकलंय. आमच्याकडे जेवणं उरकली तरी थांबलं नव्हतं.”

काकांचा हात थांबला. “तुमच्याकडे? म्हणजे ती बारा...”

मी मान खाली घातली. काकांनी खिशातून पेन काढलं, ‘तीन पानं’ खोडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“टेस्ट तुझ्या घरी झाली ना? मग रीडिंग तूच लिही.”

मी लिहिलं, ‘जेवणं उरकली तरी थांबत नाही.’ अकरा वर्षांत त्या टेबलावर माझ्या हातचं मुलांनी वाचलेलं ते पहिलं वाक्य. बाकी धडा एवढाच की पुस्तक वाचायला नेलं की जळून नेलं, हे आमच्या सिस्टिमला कळत नाही. दोन्ही ती सर्क्युलेशनमध्येच धरते.