कल्लप्पाच्या नातवाचं उष्टावण

आमच्या शुक्रवार पेठेत रुसून बसण्याचं काम सगळ्यांत झकास कुणाला जमत असेल, तर ते धान्यवाले कल्लप्पा यांना. बाकी त्यांना काय जमतं, ते मला अजून कळायचं आहे. दुकान वडिलांनी थाटलेलं. गिऱ्हाईक बायको सांभाळते, दाक्षायणी. हे कपाळाला भस्माचे पट्टे ओढून गादीवर बसतात आणि आज कुणाशी बोलणं बंद करायचं याचा विचार करतात. सख्ख्या मेहुण्याशी बोलणं बंद, कारण त्याने लग्नपत्रिकेत यांचं नाव खालच्या ओळीत छापलं. न्हाव्याशी बंद, कारण तो म्हणाला, केस विरळ झाले. माझ्याशीही मध्यंतरी बंद होतं. ते दिवस फार सुखात गेले.

मी त्यांच्या समोरच राहते. गल्ली इतकी अरुंद की त्यांच्याकडे फोडणी पडली तर ठसका मला लागतो. त्यामुळे मी सांगते आहे ते ऐकीव नाही.

तर यांना नातू झाला. मुलगा मंजुनाथ, सून सिद्धेश्वरी आणि त्यांचं हे पहिलं बाळ, चन्नवीर. बारशाला सिद्धेश्वरीचा थोरला भाऊ शिवयोगी मोडनिंबहून आला. शेती करणारा सरळ माणूस, तोंडही सरळच. पंगतीत वरण-भाताचा घास घेतला आणि दाताखाली काहीतरी कचकन आलं. दुसऱ्या कुणी गुपचूप काढून ताटाच्या कडेला ठेवलं असतं. हा म्हणाला, "आप्पा, डाळ आपल्याच दुकानातली न्हवं? मग जरा निवडून घ्यायची की. खडा लागला." पंगत हसली. धान्याचा व्यापारी, त्याच्याच नातवाचं बारसं आणि डाळीत खडा! मीसुद्धा पोटभर हसले आणि मला त्याचं काही वाटत नाही. कल्लप्पांनी हात धुतले आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "ह्यो माणूस परत माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा न्हाय."

आता आमच्याकडची रीत अशी की बाळाला पहिला घास मामाने भरवायचा. मामाने खीर चाटवली की उष्टावण झालं, मग कुणीही काहीही भरवा. त्याआधी भाताचं शीतही ओठाला लावायचं नाही. इथे मामा एकच, आणि त्यालाच उंबरा बंद. पोरगं बसायला लागलं, प्रत्येकाच्या घासाकडे टक लावून बघायला लागलं, तरी आजोबा हलेनात. दाक्षायणी म्हणाली, "एक फोन लावा की त्याला." हे म्हणाले, "आदी त्यानं माफी मागू दे." शिवयोगीने मागितलीसुद्धा, बहिणीसाठी, फोनवरून. तर म्हणे फोनवरची माफी चालत नाही, समोर येऊन मागायला पाहिजे. आणि समोर यायचं तर घरात पाऊल टाकायचं नाही. असा यांचा न्याय.

मग एक तोड निघाली. मंजुनाथने मोबाइलवरून काचेच्या छोट्या बरण्या मागवल्या. आत बाळांसाठी तयार केलेला लगदा, कुठे सफरचंदाचा, कुठे गाजराचा, कुठे वाटाण्याचा. कल्लप्पांनी एक बरणी उजेडात धरली, हलवून बघितली आणि निकाल दिला, "हे काय अन्न न्हवं. आपल्या चुलीवर शिजलं न्हाय, आपल्या घरातलं दाणं न्हाईत. हे औषधात जमा. ह्याला मामा लागत न्हाय." जन्मभर ज्वारी विकलेल्या माणसाने अन्न कशाला म्हणायचं ते असं ठरवलं. मंजुनाथने मान डोलावली. बापासमोर त्याला दुसरं काही येत नाही.

चन्नवीरला मात्र हा निकाल मान्य नव्हता. पहिला चमचा त्याने तोंडात घेतला, थोडा घोळवला आणि आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर परत केला. गाजर थुंकलं, वाटाणा थुंकला. पुढे पुढे तर बरणीचं झाकण वाजलं की तो ओठ मिटून भिंतीकडे तोंड करायचा. मंजुनाथ मोबाइलवर गाणी लावी. कल्लप्पा चमचा नाचवत, "ह्यो काऊचा, ह्यो चिऊचा," करत. काऊ-चिऊनेही त्या लगद्याला चोच लावली नसती. दाक्षायणी चिडली की कानडीत शिरते. ती आतून ओरडायची, "ब्याडा! नगं म्हनतंय लेकरू, कळंना व्हय तुमाला?" त्यांना कळत सगळं होतं. कळून न वळणाऱ्यांपुढे देवानेही हात टेकले आहेत.

पोराचं वजन वाढेना. गालांवरची गोलाई उतरली, रात्रंदिवस किरकिर. डॉक्टरांनी तपासलं आणि साफ सांगितलं, "नुसत्या दुधावर आता भागणार नाही. घरचं मऊ खिमट द्या, वरण-भात कुस्करून द्या. आजपासून द्या. असंच चाललं तर बाळ आजारी पडेल." कल्लप्पा हो हो म्हणाले. घरी येऊन त्यांनी आंब्याच्या चवीची बरणी मागवायला लावली.

सिद्धेश्वरी त्या दिवसांत जवळजवळ बोलतच नव्हती. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तिला म्हटलं, "अगं, तूच भरव की गुपचूप दोन घास." तर म्हणते कशी, "चोरून का भरवू, काकू? माझंच लेकरू हाय." मला तेव्हा वाटलं, हीसुद्धा त्याच मुशीतली. लेकरू सुकतंय आणि हिला ताठा सुचतोय.

मग एका दुपारी मी शेंगाची चटणी कुटली होती, ती वाटीभर द्यायला त्यांच्याकडे गेले. कल्लप्पा पाटावर जेवायला बसले होते. ताटात वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर तुपाची धार. चन्नवीर रांगत आला, आजोबांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला आणि त्याने सरळ ताटात हात घातला. मूठ भरली, तोंडात कोंबली. आम्ही सगळे बघत राहिलो. थुंकलं नाही हो पोरगं! हनुवटीवरून वरण ओघळत होतं आणि तो चोखत होता, चघळत होता, हसत होता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आणि या माणसाने काय करावं? त्याने डाव्या हाताने पोराचे गाल दाबले, तोंडात बोट घातलं आणि घास बाहेर काढला. "मामाचा घास व्हायचा हाय अजून," म्हणाला.

पोर असं किंचाळलं की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. हातातली वाटी त्यांच्या टाळक्यात घालावी, इतका मला संताप आला. दुकानात पोत्यांची थप्पी लावलेली, आणि मालक भुकेल्या नातवाच्या तोंडातलं अन्न काढतो. आणि अशा माणसाला लोक रस्त्यात वाकून नमस्कार करतात.

सिद्धेश्वरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. जेवत्या माणसाच्या पुढचं ताट ओढू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याहून मोठा अपमान नाही. तिने वाकून सासऱ्यांच्या पुढचं ताट ओढलं. भिंतीला टेकून बसली, चन्नवीरला मांडीवर घेतलं, काला बोटांनी मऊ मळला आणि त्याला भरवला. पोर हुंदके देत खायला लागलं.

"अगं, पण मामा..." मंजुनाथने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

कल्लप्पा वरणाने माखलेला उजवा हात तसाच धरून बसले होते. मला वाटलं, आता सुनेशीही बोलणं बंद. पण पोटात भूक होती. ते दाक्षायणीकडे वळून म्हणाले, "मला दुसरं ताट वाढ."

दाक्षायणीने जन्मभर त्यांना मागतील तेव्हा वाढलं आहे. त्या दिवशी ती जागची हलली नाही. तिने सुनेकडे पाहिलं.

"वाढते की, आप्पा," सिद्धेश्वरी बाळाची हनुवटी पुसत म्हणाली. "अण्णाला फोन लावा. त्यो मोडनिंबहून येऊ दे, तुमाला पैला घास भरवू दे. मग वाढते."