तिसरा पुकारा

“कायदा आत बसते गा, मानूस बाहेर उभा राह्यते.” लहानू हे दिवसातून दहा वेळा म्हणायचा. नागपूरच्या एका दिवाणी कोर्टात तो पुकारा करणारा शिपाई होता. खांद्यावरून लाल पट्टा, छातीवर पितळी बिल्ला, आणि आवाज असा की कडुनिंबावरचे बगळे उडावेत. तिसऱ्या पुकाऱ्याला दावा लावणारा हजर झाला नाही, तर दावा खारीज. आत वकील कलमं घोकत. लहानूला ठाऊक होतं, पुष्कळ दावे दाराच्या चौकटीतच मरतात.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या तुळसाबाईची तारीख होती. नवरा गेल्यावर दीर रुपरावाने तिचं राहतं घर आपल्या नावावर चढवून घेतलं होतं, म्हणून तिने दावा लावला होता. मी तिच्या सोबतीला निघालो होतो. सावनेरची मोटार कोर्टापुढच्या चौकात साडेअकराला येते, हे रुपरावाला माहीत होतं. त्याने कोर्टातल्या कारकुनाला, बाबूला, आधीच हाताशी धरलं होतं; बाबूने नेमकं त्या दिवशी तिचं प्रकरण अकरालाच वर काढलं. आम्ही मोटारीत असताना कोर्टात जे झालं, ते लहानूनेच मला सांगितलं.

रुपराव त्याच्या कानाशी लागला, “लहानूभाऊ, आज घसा बसला हाये ना तुमचा?”

“काहून गा? तुमच्या घरी कोनी मेलं का, हळू बोलाले?”

दोन पुकारे त्याने दारातून केले. तिसरा घशातच धरला, पायऱ्या उतरला, फाटकाबाहेर पडला आणि सावनेरच्या मोटारीची वाट पाहत चौकात जाऊन उभा राहिला. मोटार थांबली तेव्हा तो गरजला, “तुळसाबाई बळीराम, हाजिर हो!”

“आली गा, आली!” बाई पायदानावरूनच ओरडली.

आत न्यायाधीश साहेब संतापले होते. “पुकारा दारातून करायचा असतो.”

“तीन डाव करायचा, हे लिहिलं हाये साहेब. किती दुरून, ते कुठंसा लिहिलं हाये?”

साहेबांनी बाबूकडे पाहिलं, बाबूने पंख्याकडे. तुळसाबाईची साक्ष झाली. पुढे दीड वर्षाने घर तिला मिळालं. त्या दिवशी दावा खारीज होऊन जे कागद न उघडताच बासनात बांधले गेले असते, त्याच कागदांवर.

पण संध्याकाळी बाबूने लहानूपुढे कोरा कागद सरकवला. “माफी लिहून दे. नाही तर उद्यापासून तळघरात, जुन्या फायलींत.”

“माफी कायची गा बाबू? मी तं बाईचं नाव घेतलं.”

त्याने बिल्ला काढला, पट्ट्याची घडी केली, दोन्ही त्या कागदावर ठेवले आणि पायऱ्या उतरून चालू लागला. वऱ्हांड्यात रुपराव खाली मान घालून उभा होता. तुळसाबाई मात्र शेवटच्या पायरीवर, डोक्यावरचा पदर सावरत, तो चौकात वळेपर्यंत पाहत राहिली.